नावं ठेवायची परवानगी

यशोधराला सर्दी झाली की ती नुसती शिंकत नाही. आधी रुमाल काढते, नाक पुसते आणि मग समोरच्याला बजावते, "ही सर्दी माझी न्हाई हां. मूळची वाचनालयातल्या बाईची. बुधवारी पुस्तक बदलाया गेल्ते, तिथून आणली." उगाच तिच्या शिंकेचं श्रेय भलत्याच्या नावावर जायला नको!

तिच्याकडे चहा प्यायचा तर वेळ काढून जावं. कप हातात देते आणि सुरू होते. "चहा माझा. आलं ठेचायचं न्हाई, किसून घालायचं, हे धावड्याच्या जनाक्काचं. कप भाचीनं दिलेले. साखर जरा जास्त पडली, ती चूक माझी." तिची यादी बिस्किटापर्यंत येते तोवर चहावर साय धरलेली असते.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीत लग्न होतं. बायकांनी नवरीला नाव घ्यायला लावलं. पोरीने चार ओळींचा झकास उखाणा घेतला, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तशी मागच्या खुर्चीवरून यशोधरा म्हणाली, "छान हाय. पण रचला कोणी?"

नाव घेताना न लाजलेली नवरी आता लाजली. "मोबाइलवर होता, मावशी."

"मोबाइल रचतो का उखाणे? कोण्या तरी बाईनं डोकं लावलं असंल. तिचं नाव कुठं आलं? नवऱ्याचं तेवढं आलं." नवरदेव बिचारा, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून उठून उभा राहिला.

आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपवर रोज सकाळी कोणी ना कोणी उगवता सूर्य पाठवतं. खाली यशोधराचा प्रश्न ठरलेला: "सूर्य कोणी काढला?" एकदा एका भाविक बाईंनी लिहिलं, "देवाने." यशोधराने लगेच लिहिलं, "सूर्याचं न्हाई, फोटोचं विचारून राह्यले. खाली नाव कुठंय?"

"खाली नाव कुठंय" हे तिचं पालुपद. गोधडी बघितली, लोणचं चाखलं, भिंतीवर कॅलेंडर दिसलं, की आधी हा प्रश्न.

आता खरं सांगते. या बाईवर मी चाळीस वर्षं जळले. अधूनमधून नाही, नेमाने. लोक व्यायाम करतात तसं.

आम्ही दोघी जालन्यात मुलींच्या एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायची, ती चित्रकला. तेव्हाची मी म्हणजे फार हुशार बाई. निदान मला तसं वाटायचं, आणि मला जे वाटायचं ते मी फळ्यावर लिहायची. आष्टीच्या बागायतदाराची लेक, कानावर पेन, पर्समध्ये स्वतःच्याच कवितांची वही. कोणी "काय म्हणता विमलबाई?" असं सहज विचारलं तरी वही बाहेर यायची. लोक मला बघून रस्ता बदलायचे. मला वाटायचं, आदर आहे.

मग ती आली. बारीक चणीची, हातावर रंगाचे डाग, बोलायला लागली की पक्की जालन्याची. स्नेहसंमेलनाच्या वेळी तिने भिंतीवर एक चित्र लावलं. एक म्हैस, उन्हात उभी. बस. माझी मोठी कविता मी सुवाच्य अक्षरात काढून शेजारीच लावली होती. लोक येत होते, म्हशीसमोर थांबत होते, आणि माझ्या कवितेला टेकून उभे राहत होते.

आमचे हे गणिताचे शिक्षक. प्रमेयाखेरीज जगात कशाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. लग्नानंतर मी पहिली कविता वाचून दाखवली तेव्हा म्हणाले होते, "लांब आहे." तेच हे, त्या म्हशीसमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "काय रेघ आहे!"

त्या संध्याकाळी आमच्या घरी पिठलं खारट झालं. चुकून नव्हे.

आमच्या गावातून तेव्हा एक साप्ताहिक निघायचं. त्यात मी 'चिमटे' नावाचं सदर लिहायची. पुढच्या अंकात चिमटा म्हशीला. पण चित्र दाखवल्याशिवाय वाचणाऱ्याला कळणार कसं? म्हणून मी शाळा सुटल्यावर थांबले, चित्रावर पातळ कागद धरला आणि म्हैस गिरवून काढली. वर मथळा दिला, 'खोकला झालेली म्हैस'. लिहिलं की, "हिच्या सात बरगड्या मोजता येतात, आठवी चित्रकाराने खाल्ली असावी. ही म्हैस दूध देत नसणार, उपदेश देत असणार."

सोमवारी शिक्षक खोलीत सगळे टपून बसलेले. यशोधरा आली, तिने अंक टेबलावर पसरला.

"विमलबाई, ही म्हैस कोणाची?"

"तुमचीच की."

"माझ्या म्हशीला चार पाय हायेत. हिला पाच."

"तो पाचवा पाय नाही, शेपटी आहे."

"मंग शेपटीला खूर कामून काढलं?"

शिक्षक खोलीत कोणाचा तरी चहा नाकातून आला. ती हसली नाही. म्हणाली, "टीका करा. बिलकुल करा. पण माझ्या चित्रावर करा. म्हैस तुम्ही काढली, नावं तुम्हीच ठेवून राह्यल्या, आणि बोलणी मी खाऊन राह्यले. आणि खाली नाव कुठंय?"

"मुद्दामच नाही टाकलं. म्हटलं, तुमची लाज राहावी."

"माझी लाज मी राखीन. तुम्ही नाव टाका. आणि विचारलं कामून न्हाई?"

आता माझ्यातली हुशार बाई जागी झाली. "विचारून कोणी टीका करतं का? चारचौघांत लावलेलं चित्र आहे, त्याच्यावर बोलायचा कोणालाही हक्क आहे. आणि विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाल्या असतात."

"म्हणले असते का न्हाई, ते तुम्हाला काय ठाऊक? विचारलं कुठं?"

माझ्याकडे तेव्हा प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं.  या वेळी "माझा तास आहे" एवढं उत्तर देऊन उठले. तास नव्हता. मी अर्धा तास पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले.

पण चिमटे थांबवीन तर मी कसली! पुढची दहा-बारा वर्षं मी तिच्या चित्रांच्या मागे लागले. फरक इतकाच की गिरवणं सोडलं आणि खाली नाव टाकायला लागले. शुक्रवारी तिचं नवं चित्र शिक्षक खोलीच्या टेबलावर विसरलेलं असायचं, चांगलं जाड कागदात गुंडाळून. मी ते गुपचूप पिशवीत घालायची, छापखान्यात द्यायची आणि काम झालं की साळसूदपणे जागेवर ठेवायची. आपण किती शिताफीने उचलतो, याचा मला फार अभिमान होता. एवढी नीटनेटकी बाई दर खेपेला चित्र विसरते कशी, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. म्हटलं ना, फार हुशार.

एकेका चित्रासमोर मी तासतास बसायची, खोड सापडेपर्यंत. विहिरीवरच्या बायकांना नाव ठेवलं 'पाणी कमी, कुजबुज जास्त'. मोसंबीच्या बागेला 'कावीळ'. झोपलेल्या कुत्र्याला 'सहावा तास'. आणि एक बाई होती, खिडकीशी बसलेली, कपाळाला आठ्या. तिला म्हटलं 'चिंच चावलेली बाई'. लिहिलं, "या आठ्यांवर कपडे वाळत घालता येतील. ही बाई कोणावर जळते आहे, ते चित्रकाराने सांगितलेलं नाही." त्या आठवड्यात शिक्षक खोली इतकी हसली की बस. शिपायाने तो अंक दोनदा मागून नेला. मी मनात म्हटलं, कळला एकदाचा यांना माझा विनोद.

भांडता भांडता आमचं अहो-जाहो अगं-तुगंवर आलं. विचारणं मात्र राहूनच गेलं. पुढे साप्ताहिक बंद पडलं, आम्ही दोघी निवृत्त झालो. आमचे हे गेले. यशोधराने लग्न केलंच नव्हतं. ती आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, जिना चढून वरच्या खोल्यांत राहते. तिची चित्रं आणि ती.

एकदा जुन्या जालन्यात आम्ही भाजीला गेलो होतो. ती मान वर करून चालत होती. दोन ऑटोवाले ओरडून गेले तरी हिची नजर वरच.

"वर काय बघून राह्यली? मरशील," मी म्हटलं.

"अण्णाचं अक्षर."

तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं शेजारी बसून मी कधी विचारलं नव्हतं. "ह्या गल्लीतल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. धान्याची दुकानं, कापडाची, सगळी. साऱ्या बाजाराची नावं लिहिली त्यानं. एकदा खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं टाकलं, तर दुकानदारानं पुसाया लावलं. म्हणला, दुकान तुझं हाय का?" आता सगळीकडे फ्लेक्स झालेत. एका कापड दुकानाच्या फ्लेक्समागून जुन्या पाटीची अर्धी ओळ तेवढी दिसत होती. यशोधरा ती वाचत उभी राहिली. मी, जिला प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं ती मी, कोथिंबीर घ्यायला वळले.

या गोष्टीला काही वर्षं झाली. आणि या उन्हाळ्यात एका प्रकाशनाकडून फोन आला. त्यांना माझ्या चिमट्यांचं पुस्तक करायचं होतं! श्वेता नावाची मुलगी घरी आली. मी कात्रणांची फाइल पुढे ठेवली आणि बघायला आलेल्या मुलीसारखी पदर सावरून बसले. ती पानं उलटत होती, हसत होती. शेवटी तिने मान वर केली आणि म्हणाली, "आजी, ही चित्रं कोणाची आहेत हो?"

सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या पोटात जळायला अजून जागा असते. तुम्हाला हे कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

"आमच्या एक बाई होत्या," मी म्हटलं. ती होती नव्हे, आहे. दोन गल्ल्यांपलीकडे ठणठणीत आहे. पण तोंडातून गेलं खरं.

"त्यांची परवानगी आहे ना तुमच्याकडे?"

मी माझा जुना हक्क बाहेर काढला. चारचौघांतलं चित्र, टीकेचं स्वातंत्र्य वगैरे. पोरीने शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे, आजी. टीका करायला, त्याच्यावर बोलायला दुसऱ्याचं चित्र घेता येतं, कायद्यात तेवढी सूट आहे. बोलण्यापुरतं घ्यायचं, नाव द्यायचं. पण आम्हाला मूळ चित्रं हवीत, रंगीत, पानभर. आणि हे एक मुखपृष्ठावर. मुखपृष्ठावर कसली टीका? तिथे चित्र नुसतं शोभेला. त्याला लेखी परवानगी लागणार."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर अवघड आहे. या चित्रांवाचून तुमचे चिमटे कोणाला काढलेत, तेच कळायचं नाही."

म्हणजे माझं पुस्तक, माझं एकुलतं एक पुस्तक, आता यशोधराच्या हातात. मी विचारलं, "मुखपृष्ठावर कोणतं म्हणतेस?"

तिने 'चिंच चावलेली बाई' पुढे सरकवली. "हे. या तुम्हीच ना, आजी?"

मी चष्मा लावला. खिडकीशी बसलेली बाई. कानावर पेन. घड्याळ उजव्या हातात, तबकडी आतल्या बाजूला, जसं मी आजही घालते. शिपायाने अंक दोनदा का मागून नेला, ते मला चाळीस वर्षांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी किलोभर मोसंबी घेऊन मी यशोधराचा जिना चढले. गुडघे प्रत्येक पायरीला विचारत होते, आत्ताच अक्कल आली का म्हणून.

"मोसंबी कोणाच्या बागेतली?" तिने दारातच विचारलं.

"बाजारातली."

"बाजार पिकवतो का मोसंबी?" पण घेतली. चहा आला. आलं जनाक्काचं, कप भाचीचे. मी उन्हावर बोलले, गुडघ्यांवर बोलले, नळाला पाणी किती दिवसांनी येतं त्यावर बोलले. मग पुस्तकाचं सांगितलं, श्वेताचं सांगितलं, कायद्याचंही सांगितलं. ती ऐकत होती.

"मंग?" ती म्हणाली.

"मग काय, तसं आहे."

"तसं हाय ते कळलं. विचाराया आलीस ना?"

"हो."

"मंग विचार की. चाळीस वर्षं लेट झालीस, आता जल्दी कर."

सांगते तुम्हाला, आख्खी सभा गाजवणारी मी, एका प्रश्नाआधी तीनदा चष्मा पुसला. "यशोधरा, तुझी चित्रं घेऊ का? माझ्या पुस्तकात?"

तिने कप खाली ठेवला. पदराने ओठ पुसले. "न्हाई," ती म्हणाली.

 पुस्तक गेलं. विचारलं की नाही ऐकायची तयारी ठेवावी लागते, हे मला कुठं माहीत होतं? मी पिशवी उचलली.

"बस खाली. एकदा न्हाई म्हणून बघायचं होतं. कधीचं राहून गेल्तं." आणि ती हसली. म्हशीच्या वेळी राखून ठेवलेलं सगळं हसू तिने तेव्हा काढलं. "घे. सगळी घे. कापायचं न्हाई, खाली नाव टाकायचं, एवढं लिहून घे त्या पोरीकडून."

मला एकदम उदार व्हावंसं वाटलं. "मी पण थोडं मऊ करते. कावीळ काढून टाकते. ते बरगड्यांचं पण जरा..."

"एक शब्द मऊ करायचा न्हाई!" ती आतल्या खोलीत गेली आणि मोठ्ठं बाड घेऊन आली. वरचं चित्र काढलं. म्हैस. मी पुढून बघणार तोच तिने ते उलटं केलं. मागे, पाटीवर असावं तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'खोकला झालेली म्हैस'. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात: 'नाव ठेवलं: विमल'.

दुसरं उलटं केलं. 'सहावा तास. नाव ठेवलं: विमल'. 'कावीळ. नाव ठेवलं: विमल'. 'चिंच चावलेली बाई' वर माझं नाव दोनदा होतं. एकदा नाव ठेवणारी म्हणून, आणि एकदा बाई म्हणून.

"मला चित्र येतं, चित्राला नाव सुचत न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. "तुझीच वापरली. विचारलं न्हाई तुला. 'सहाव्या तासा'ला तर जिल्ह्याच्या प्रदर्शनात बक्षीसबी आल्तं."

"बक्षीस? माझ्या नावाला?" हो, तेवढ्यातही. सवय जात नाही.

"म्हणून विचारून राह्यले. वापरू का?"

"श्वेता म्हणत होती, नुसत्या नावाला कॉपीराइट नसतो."

"कायद्याला नसंल. मी तुला विचारून राह्यले."

मी मान डोलावली.  ती चित्रं सारखी करत म्हणाली, "लोक येतात, छान छान म्हणतात, चहा पितात, जातात. म्हशीच्या बरगड्या कोणी मोजल्या ग? तू सात लिहिल्या होत्या. सातच हायेत."

मग तिने बाडाखालून दुसरा गठ्ठा ओढला. पहिल्यापेक्षा जाड. वरचं चित्र उलटं केलं. मागे कोरं. त्याखालचं कोरं. सगळीच कोरी.

"साप्ताहिक बंद झाल्यापासूनची हायेत. कोणी नावंच ठेवली न्हाईत." तिने टेबलावरची पेन्सिल माझ्यापुढे सरकवली आणि बाहेर बघत बसली.

मी पहिलं चित्र सुलटं केलं. शिडीवर एक माणूस, आपल्याकडे पाठ करून, दुकानाची पाटी रंगवतोय. पाटी अर्धी झालेली. खालचा कोपरा मोकळा. इतकं सुंदर की मला जुना, ओळखीचा राग आला. ही रेघ हिलाच का? मी खोड शोधायला बसले. चहावर साय धरली.

"ठेवू?" मी विचारलं.

 तिने मान डोलावली.

"शिडीची एक पायरी कमी आहे," मी म्हटलं.

यशोधराने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी येऊन टेकली. "मोज बरं पुन्हा," ती म्हणाली.